लेकीची नोकरी, गोल्फचं दुकान



"धाकटी तिकडं शिकता शिकता काय काम करते?" हा प्रश्न मला वर्षभर मंदिरात, भगिनी मंडळात, लग्नाच्या पंगतीत सगळीकडं विचारला गेला. "गोल्फच्या दुकानात" म्हटलं की पुढं दोन प्रकारची माणसं भेटतात. काहींना वाटतं मोठ्या लोकांच्या क्लबात बसून असते. काहींचा चेहरा पडतो, एवढं शिकून दुकानात? आपल्यातली निम्मी घरं दुकानावर उभी राहिली, तरी लेक दुसऱ्याच्या दुकानात उभी आहे म्हटलं की आपल्याला कसंसंच होतं. तर हा लेख सगळ्यांना एकदाच उत्तर म्हणून. आणि त्यात एक धर्माचा प्रश्नही आहे. तो आमच्या घरात वर्षभर चालला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

गाव स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. समुद्राकाठचं लहानसं गाव. सहाशे वर्षांपूर्वीचं विद्यापीठ आणि त्याच्याइतकंच जुनं गोल्फचं वेड. गोल्फ खेळणाऱ्यांना हे गाव म्हणजे आपल्याला शिखरजी, असं लेकीनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. (सासूबाई म्हणाल्या, "असली तुलना करू नये," आणि मग स्वतःच हसल्या.) अमेरिकेतून, जपानमधून, कोरियातून लोक नुसतं तिथल्या ओल्ड कोर्सवर एकदा खेळायला मिळावं म्हणून येतात. नावं टाकायची, चिठ्ठ्या निघतात, दोन दिवस आधी कळतं. नाही लागली चिठ्ठी तर निदान अठराव्या होलजवळच्या दगडी पुलावर उभं राहून फोटो काढायचा, आणि दुकानातून काहीतरी घेऊन जायचं. म्हणून तिथं गोल्फची दुकानं फार, आणि दुकानांना विद्यार्थी लागतात.

मास्टर्सच्या मुलांना तिथल्या व्हिसावर आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. उन्हाळ्यातही प्रबंध चालू असतो, म्हणून तेव्हाही वीसच. ती सप्टेंबर २०२४ मध्ये गेली तेव्हा एकवीस वर्षांच्या वरच्यांना तासाला किमान ११ पौंड ४४ पेन्स मिळत. एप्रिल २०२५ मध्ये १२ पौंड २१ झाले. वीस तासांचे आठवड्याला सव्वादोनशेच्या वर. एका पौंडाचे शंभराहून जास्त रुपये होतात म्हणून आपल्याला मोठे वाटतात, पण तिथं खोलीचं भाडंच त्यातलं बहुतेक खाऊन टाकतं. फीचं कर्ज आम्ही काढलंय. घरातून खर्चाला आणखी मागायचं नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं. म्हणजे नोकरी हौसेची नव्हती.

काम काय? सुरुवातीला स्वेटर घड्या करणं, टोप्या लावणं, चेंडूंची खोकी मोजणं. मग महिनाभरात तिला मागच्या टेबलावर ग्रिप बदलायला बसवलं, आणि तिथं तिचा जीव रमला. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात, आणि हात धरतो त्या भागाला रबराची ग्रिप असते. ती वर्ष-दीड वर्षात गुळगुळीत होते. मग क्लब शिकंजात धरायचा, आकडीच्या पात्यानं जुनी ग्रिप उभी चिरायची. साधं पातं वापरलं तर आतल्या कार्बनच्या नळीवर ओरखडा जातो. जुनी टेप खरवडून काढायची, दांडा पुसायचा, दोन्हीकडून चिकटणारी नवी टेप लावायची, टोकाला थोडी जास्त ठेवून ती नळीत दुमडायची. मग नव्या ग्रिपच्या बुडाचं भोक बोटानं दाबून आत पातळ द्रव ओतायचा, हलवायचा, तोच टेपवर ओतायचा आणि ग्रिप एका दमात सरकवायची. अर्ध्यात थांबलात तर तिथंच चिकटते. वरची खूण क्लबच्या तोंडाशी सरळ रेषेत हवी, ते बघायला जेमतेम मिनिटभर मिळतं. मग काही तास वाळू द्यायचं.

मला हे सगळं तिनं व्हिडिओवर दाखवलं. मी म्हटलं, बांगड्या भरणाऱ्या कासारासारखंच की! हात ओला, काम झटपट, आणि मध्येच थांबायचं नाही.

एका खेळाडूला पिशवीत चौदापेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत, असा नियम आहे. म्हणजे एखाद्यानं सगळ्या बदलायला दिल्या तर चौदा. (पटरसाठी ग्रिप वेगळी, जाड.) सासूबाईंना चौदा म्हटलं की गुणस्थानं आठवतात आणि अठरा होल म्हटलं की अठरा दोष. त्या नातीला म्हणाल्या, "हे सगळं आपल्याकडूनच घेतलंय त्यांनी." नातीनं खरं कारण सांगितलं की त्या मैदानावर आधी बावीस होल खेळत, १७६४ साली काही होल एकत्र केले आणि अठरा झाले, तेच पुढं जगभर झालं. पण आजीचं मत काही बदललं नाही.

आता जेवणाचं. जाण्याआधी तिनं माताजींकडून रात्री अन्नाचा त्याग घेतला होता, पाणी आणि औषधाची सूट ठेवून. इथं असताना त्यात विशेष काही नव्हतं. तिथं डिसेंबरात सूर्य दुपारी साडेतीनच्या सुमाराला मावळतो आणि सकाळी पावणेनऊच्या आसपास उगवतो. सतरा तासांची रात्र, आणि त्यात दुकानाची पाळी बारा ते पाच. पहिल्या आठवड्यात मला झोप लागेना. पण तिनं मॅनेजरना सरळ सांगितलं की मला मधली सुट्टी दोनला नको, तीनला द्या, मला सूर्य मावळायच्या आत जेवायचंय. त्यांनी कारण विचारलं, तिनं सांगितलं. ते म्हणाले, थंडीत तीनला तसंही गिऱ्हाईक कमी असतं, हरकत नाही. एवढ्यावर विषय संपला.

डब्यात काय, तर इथून नेलेल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मैत्रिणींनो, कोणाची मुलं थंड देशात जाणार असतील तर कडक भाकरीसारखी सोबत नाही. मोडत नाही, बिघडत नाही, गरम करावी लागत नाही. जवसाची चटणी मी नंतर पाठवली. कांदा, लसूण, बटाटा नको म्हटल्यावर तिथल्या दुकानात तयार मिळणारं फार थोडं उरतं. त्यांची शॉर्टब्रेड बिस्किटं मात्र मैदा, लोणी, साखर एवढ्याचीच असतात, अंडं नसतं. डब्यावरचं वाचून खात्री करून ती खायची. दुकानात चहाबरोबर रोज निघायची. ही बिस्किटं लक्षात ठेवा, पुढं येणार आहेत.

जूनमध्ये सगळं उलटं. सूर्य रात्री दहाला मावळतो आणि पहाटे साडेचारला परत हजर. लोक नऊ-नऊ वाजेपर्यंत खेळत असतात. "आजी, आता मला रात्रभोजन करायचं म्हटलं तरी वेळ मिळत नाही," असं ती म्हणाली तेव्हा सासूबाईंनी फोन माझ्याकडं दिला आणि तोंडाला पदर लावला.

पण खरा प्रश्न हातमोज्याचा.

गोल्फ खेळणारा एकाच हातात मोजा घालतो. उजव्या हातानं खेळणारा डाव्या हातात. क्लब फिरू नये म्हणून. आणि चांगला मानला जाणारा मोजा असतो मेंढीच्या कातड्याचा, पातळ, मऊ, दुसऱ्या कातडीसारखा बसणारा. भिंतभर टांगलेले असतात. बुटांतही कातडं असतं, पण आता बरेच बूट कृत्रिम कापडाचे येतात. मोजा मात्र अजून कातड्याचाच जास्त खपतो. लेक पहिल्या दिवशी ती भिंत बघून आली आणि रात्री फोनवर म्हणाली, "आई, मी घालणार नाही हे सोपं आहे. पण विकायचं काय?"

आपल्याकडं हे प्रश्न नवे नाहीत. श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांची यादी आहे, पंधरा कर्मादानं. वनजीविका, अग्निजीविका, विषवाणिज्य वगैरे. त्यातल्या दंतवाणिज्यात नुसते हत्तीचे दात नाहीत. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यात केस, नखं, हाडं, कातडं हे सगळं धरलं आहे. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच कोणीतरी बसून विचार केला होता की मारणारा एक, पण विकणाराही त्यात आहे.

आमच्या घरात तीन मतं झाली. यांचं म्हणणं, ती मालक नाही, पगारी मुलगी आहे. मागवणारे दुसरे, नफा दुसऱ्याचा. सासूबाईंचं म्हणणं, कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही सारखे. "गल्ल्यावर बसून पैसे घेतले म्हणजे विकलंच. तुझ्या सासऱ्यांनी दुकानात चामड्याचे पट्टे ठेवले नाहीत, गिऱ्हाईक परत गेलं तरी." हे खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. पण दुकान आपलं असलं की काय ठेवायचं ते आपण ठरवतो. परक्या गावात, परक्या दुकानात, घड्याळ लावून मिळालेल्या वीस तासांत पोरीनं काय ठरवायचं? माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही तेच आहे. ज्याचा हात गल्ल्यावर आहे त्यालाच ते ठरवू द्यावं. आपण इथं सोफ्यावर बसून तिचे व्रत मोजू नयेत.

तिनं काय केलं ते सांगते. मॅनेजरना म्हणाली, मी मागच्या टेबलावर जास्त बसते, ग्रिपचं काम मला द्या. ते त्यांना हवंच होतं, कारण नीट करणारी माणसं कमी. आणि मोज्यांच्या भिंतीपाशी उभं राहायची वेळ आली तर कृत्रिम मोज्यांची माहिती करून घेतली. खोटं सांगून नाही. कातड्याचा मोजा पकडीला सरस, हे तिनं कधी नाकारलं नाही. पण तो घामानं, पावसानं ताठ होतो, लवकर फाटतो. कृत्रिम धुता येतो, जास्त दिवस टिकतो, स्वस्त पडतो. आणि पावसासाठीचे खास मोजे येतात, ते ओले झाले की उलट पकड चांगली देतात. स्कॉटलंडमध्ये पाऊस कधी नसतो? सकाळी ऊन बघून कातड्याचा मोजा घ्यायला आलेला माणूस दुपारी भिजलेला परत यायचा आणि तिचं ऐकायचा.

त्याच गावातली एक जुनी गोष्ट तिनं मला सांगितली. आधी गोल्फचा चेंडू कातड्याचा असे, आत उकळलेली पिसं ठासून भरलेली. एका चेंडूला टोपीभर पिसं लागत, आणि कारागिराचे दिवसाला मोजकेच व्हायचे. सेंट अँड्र्यूजमध्ये अ‍ॅलन रॉबर्टसन असे चेंडू बनवणारा नावाजलेला माणूस, आणि टॉम मॉरिस त्याच्या हाताखाली शिकलेला. १८४८ च्या सुमाराला मलायाकडच्या झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा चेंडू आला. स्वस्त, झटपट होणारा, पावसात न फुटणारा. रॉबर्टसनचा धंदा बुडायची वेळ आली, त्यानं तो चेंडू वाईट ठरवला. मॉरिस एकदा त्याच चेंडूनं खेळताना दिसला आणि दोघांचं फाटलं, असं सांगतात. मॉरिस गाव सोडून प्रेस्टविकला गेला. पुढं परत आला, मोठा झाला, त्याचं दुकान अठराव्या होलच्या काठावर होतं. हे सगळं पैशाचं भांडण होतं, अहिंसेचा त्यात काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी चेंडू कशाचा या एका गोष्टीवरून माणसानं मालक सोडला, हे ऐकून मला बरं वाटलं. आणि पिसांचा चेंडू गेला, तसा कातड्याचा मोजाही जाईल, असं लेकीला वाटतं. वाटू दे.

पण शनिवार राहिलाच. शनिवारी दुकानात गर्दी. रविवारी ओल्ड कोर्स खेळाला बंद असतो, गावातले लोक तिथं कुत्री घेऊन फिरतात, मुलं खेळतात. त्यामुळं शनिवारी येणारे जाणारे फार, आणि त्या दिवशी तिला गल्ल्यावर बसावंच लागे. त्याला पर्याय नव्हता, तिनं विचारून बघितलं होतं. गिऱ्हाईक स्वतः भिंतीवरून कातड्याचा मोजा काढून आणतं, समोर ठेवतं. तिथं काय माहिती सांगणार? किंमत दाबायची, पैसे घ्यायचे, पिशवी द्यायची.

हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. कळलं ते असं. फेब्रुवारीत तिची मैत्रीण इथून जाताना मी रव्याचे लाडू दिले. शनिवारी रात्री फोन केला (आमची रात्र, तिची अजून दुपार होती, जेवणाची सुट्टी), तर मैत्रीण शेजारी बसून लाडू खातेय, ही नाही. बिस्किटाचा डबाही तिनं पुढं सरकवला. मला काही वाटलं नाही. सासूबाईंचं लक्ष. पुढच्या शनिवारीही त्यांनी मुद्दाम विचारलं, "चहा कसला पितेस?" बिनसाखरेचा. मग त्यांनी सरळच विचारलं, "शनिवारचाच त्याग कसा गं? कोणी दिला?"

कोणीच नव्हता दिला. गल्ल्यावर बसायला लागल्यापासून तिनं आपल्या मनानं शनिवारी साखर सोडली होती. ऑक्टोबरपासून. सहा रसांतला एक. म्हणाली, "मला माहितेय याने काही फिटत नाही, आजी. पण त्या दिवशी गोड खावंसं वाटत नाही."

प्रायश्चित्त आपण आपल्याला द्यायचं नसतं, गुरूंकडून घ्यायचं असतं, हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत. एरवी त्यांनी ते लगेच ऐकवलं असतं. त्या दिवशी नाही ऐकवलं. दोन दिवसांनी मला म्हणाल्या, "माताजी चातुर्मासाला आल्या की मी विचारीन. तोवर तू तिला काही बोलू नकोस." आणि त्या शनिवारपासून स्वतःच्या चहात साखर घालायच्या बंद झाल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या दुकानातलं सासूबाईंना आवडलेलं एक मात्र सांगते. या खेळात प्रत्येकाशेजारी पंच उभा नसतो. फटके आपले आपण मोजायचे, चुकलं तर दंड आपला आपण लावायचा, शेवटी कागदावर सही करायची. १९२५ साली अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेत बॉबी जोन्स नावाच्या खेळाडूनं सांगितलं की फटका मारण्याआधी माझा चेंडू जरासा हलला. कोणीही पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःवर एक फटका दंड घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यात तो एका फटक्यानं हरला. तो दंड नसता तर आधीच जिंकला होता. दुकानातही तसले म्हातारे येतात, लेक सांगते. एकजण चेंडूंच्या एका खोक्याचे पैसे घ्यायचे राहिले म्हणून पावसात परत आले, तिच्या हिशोबात ते सापडलंही नसतं. सासूबाई म्हणाल्या, "याला सामायिक करायला बसवा, जमेल त्याला."

माताजींचा चातुर्मास यंदा आमच्या जवळच्या गावात आहे. सासूबाई श्रावणात जाऊन आल्या. सगळं सांगितलं, मोजा, गल्ला, साखर. माताजींनी आधी विचारलं की मुलगी रोज णमोकार म्हणते का, तब्येत कशी आहे, एकटी राहते का. मग म्हणाल्या, त्याग चालू दे, पण दुसरं काम मिळत असेल तर शोधायचं सोडू नको. एवढंच. सासूबाईंना आणखी कडक काहीतरी अपेक्षित होतं, की सौम्य, मला चेहऱ्यावरून कळलं नाही. घरी येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत होत्या.

आता प्रबंध जमा झालाय. दशलक्षण तोंडावर आलंय. व्हिसा आहे तोवर ती तिथंच नोकरी बघणार, तिच्या विषयातली. दुकान महिनाअखेर सोडतेय. तिच्या जागी आलेल्या मुलीला ग्रिप बसवायला शिकवतेय. पहिल्या दिवशी तिची ग्रिप अर्ध्यात अडकली, कापून काढावी लागली. भिंतीवर पावसाच्या मोज्यांचा खण आता वर, डोळ्यांच्या उंचीला आलाय. मॅनेजरनी हलवला, जास्त खपतात म्हणून.